एकाच उंचीची अक्षरं

आमचे हे सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून गावाला निघाले त्या दिवशी त्यांच्या बॅगेत कपडे थोडे, आणि मायक्रोमीटरची जुनी लाकडी पेटी होती. मी म्हटलं, "निवडणुकीला मायक्रोमीटर कशाला?" तर म्हणाले, "राहू दे गं शालन. हात रिकामा बरा वाटत नाही." मग काचेपलीकडे गेले, वळून हात केला. "एक निवडणूक. झाली की आलोच." आलोच म्हणायची त्यांची सवयच. खाली कोथिंबीर आणायला गेले तरी आलोच, तैवानला मशीन बघायला गेले तरी आलोच. त्याला आता चार वर्षं होतील.

हे मी गावाकडच्या माणसांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्या इथं येऊन राहिलेल्यांसाठीही. शाळा सातवीपर्यंतची, बोलते तशी लिहिते. सांभाळून घ्या.

आमचं गाव बेळगावकडचं, सीमाभागातलं. आमच्याकडच्या माणसाला कधी विचारू नका की गाव कुठल्या राज्यात. तो आधी तुमचं तोंड बघून अंदाज घेतो. माझी आई माहेरची कानडी. रागावली की कानडीत, लाड करायचे तर मराठीत. मी लग्नानंतर इकडं यायला निघाले तेव्हा वेशीपाशी एसटीच्या खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "पोचलीस की कळव. तोवर एकदाच जेवतो मी." आमच्याकडं बाया असंच बोलतात, येतो, जातो, जेवतो. माझं पत्र पोचायला तीन आठवडे लागले. तिनं खरंच तीन आठवडे एकदाच जेवून काढले, हे मला तिच्या तेराव्याला गेले तेव्हा धाकट्या बहिणीनं सांगितलं.

मीही इथं आल्यावर मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला जाऊन "मी निघतो आता" म्हणाले, तर पुण्याच्या दोघीतिघी हसल्या. तेव्हापासून मी निघते म्हणायला शिकले. घरी ह्यांच्याशी मात्र निघतोच.

हे बेळगावच्या एका फाउंड्रीत लेथवर हात बसवून आले होते. इथं आंग मो किओच्या एका कारखान्यात टूलमेकर म्हणून लागले. पुढं स्वतःचं वर्कशॉप काढलं, डिस्क ड्राइव्हचे बारीक भाग बनवायचं. मग दोन झाली, मग चार. वन रूम फ्लॅटमधून आम्ही बुकित तिमाहच्या कॉन्डोत गेलो. पोहण्याचा तलाव खाली, आणि ह्यांनी उभ्या जन्मात त्यात पाय घातला नाही. संध्याकाळी बाल्कनीत बसून गावाकडच्या बातम्या वाचायचे. कुठं पाटी काढली, कुठं पाटीला काळं फासलं. मी म्हणायचे, तुम्हाला काय त्याचं? ते म्हणायचे, "माझ्या बापाला सातबाराचा कानडी उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला, तेव्हा मी शेजारी उभा होतो."

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यासारखी पुष्कळ जोडपी इथं एक युक्ती करतात. एकानं सिंगापूरचा नागरिक व्हायचं, दुसऱ्यानं भारताचा पासपोर्ट ठेवून पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी, राहायचं. एक दार इकडचं, एक तिकडचं. मी नागरिक झाले. ह्यांनी गावच्या जमिनीपायी पासपोर्ट सोडला नाही. पीआर माणूस बाहेर गेला की परत येण्यासाठी त्याला री-एंट्री परमिट लागतं. दर पाच वर्षांनी ते वाढवून घ्यायचं, माणूस बाहेर असताना संपलं तर पीआरच जातो. आमच्या घरात कागदाची सगळी कामं माझी. इंग्रजी मी फॉर्म भरता भरताच शिकले, लायब्ररीत बसून. ह्यांचा पासवर्डसुद्धा माझ्या वहीत.

तर हे गेले, अपक्ष उभे राहिले आणि तालुक्याच्या पंचायतीवर निवडूनही आले. फोटोत गळ्यात हार, बाजूला वीसपंचवीस माणसं, कुणी त्यांना सिंगापूरशेठ म्हणतंय. मी म्हटलं, झाली ना निवडणूक? आता या. म्हणाले, "अगं निवडून आल्यावर कसा येऊ? आता तर काम सुरू." वर्षाला एकदा यायचे, आठदहा दिवस राहायचे, त्यातही फोनवरच. मग तेही बंद झालं. मला राग यायचा, पण कुणाला सांगू? चाळीस वर्षं मी ह्यांच्यासाठी परक्या मुलखात काढली, आणि म्हातारपणी हे मला इथंच ठेवून घरी गेले.

मग परमिटचं पत्र आलं. मुदत संपायला तेव्हा अजून चार महिने होते. ह्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "तेवढं कर की तू." माझी नात मीरा शेजारी बसली होती. तिनं फॉर्म उघडून दिला, इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, प्रेस ओन्ली लाह. टू मिनिट्स." मी म्हटलं, उद्या करू.

मी मुद्दाम केलं नाही. मनात म्हटलं, मुदत संपत आली की मीच सांगेन, तुम्ही स्वतः आल्याशिवाय हे होत नाही. मग येतील धावत. आले की जाऊ देणार नाही. एवढंच डोक्यात होतं. पत्र खणात ठेवलं आणि वर मसाल्याचा डबा ठेवला.

तिकडं ह्यांनी वेशीवर पाटी लावायची ठरवली. गावाचं नाव स्टीलमध्ये कापून, मराठीत आणि कानडीत. ह्यांचं काम तुम्हाला माहीत नाही. दोन्ही भाषांतली अक्षरं एकाच उंचीची, एकाच जाडीची, मायक्रोमीटर लावून तपासलेली. शेजारी शेजारी, वर कुणी नाही, खाली कुणी नाही. मला फोनवर दाखवली. म्हणाले, "आता बोलायला कुणाला जागाच ठेवली नाही बघ." मलाही तसंच वाटलं. आयुष्यभर मापात काम केलेला माणूस, त्याला वाटलं माप बरोबर असलं की भांडण मिटतं.

दोन दिवस टिकली. मराठी बाजूचे म्हणाले, कानडी लावायला तुला निवडून दिलं काय? कानडी बाजूचे म्हणाले, बरोबरीनं लावायची हिंमत कशी झाली? दगड पडले, एका पोलिसाचं डोकं फुटलं, आणि लोकांना भडकावलं म्हणून गुन्हा लागला तो ह्यांच्यावर. हारवाले वीसपंचवीस जण, त्यांतला एकही जामिनाला आला नाही. आला तो शेजारचा कानडी बसाप्पा, माझ्या आईच्या नात्यातला. जामीन मिळाला, पण पासपोर्ट कोर्टात जमा.

ही बातमी ऐकली आणि माझ्या छातीत कळ आली. मी पाच आठवडे हॉस्पिटलात होते. त्यातले दोन मला आठवतही नाहीत. घरी आले, म्हणजे मुलगी सुजाता मला हौगांगला तिच्या फ्लॅटवर घेऊन आली, तेव्हा सामानात तो मसाल्याचा डबा होता आणि खाली पत्र होतं. मुदत संपून बारा दिवस झाले होते. कुठं कुठं विचारलं. सगळीकडं बोलायला नीट, पण उत्तर एकच. पीआर गेला, नव्यानं अर्ज करा. आणि नव्या अर्जात विचारतात, तुमच्यावर खटला आहे का?

माझं हृदय आता इतकं कमजोर आहे की डॉक्टरांनी विमान बंद केलंय. मी जाऊ शकत नाही. ते येऊ शकत नाहीत. खटल्याला तारखा पडतात. सुजाता म्हणते, "आई, होईल काहीतरी." तिच्या तोंडाकडं बघितलं की कळतं, तिलाही माहीत आहे.

रोज दुपारी चारला ह्यांचा व्हिडिओ कॉल येतो. घरात नेटवर्क नाही, म्हणून वेशीपाशी येऊन बसतात. मागं पाटीचे दोन खांब दिसतात, मध्ये नुसतं आभाळ. त्याच जागेवर आई एसटीच्या खिडकीखाली उभी होती. ह्यांचे गाल बसलेत. शर्टाचं वरचं बटण तुटलंय, ते कुणी लावून दिलेलं नाही. मी नुसतं जेवलात का विचारते. मीरा मध्ये डोकावून "हाय आजोबा" म्हणते आणि जाते.

खटला सुरू झाला तेव्हा एकदाच त्यांनी विचारलं होतं, "परमिट वाढवलंस ना?"

मी म्हटलं, "हो."

त्या एका शब्दावर ते बसलेत. वकिलाला सांगतात, बसाप्पाला सांगतात, खटला संपू दे, माझं सिंगापूरचं दार उघडं आहे. त्यांनी गावच्या घराला रंगसुद्धा दिला नाही. म्हणतात, दोन दिवसांसाठी कशाला?

घर म्हणजे काय असं मला कुणी विचारलं असतं, तर आधी मी आईचं परसू सांगितलं असतं, मग बुकित तिमाहची बाल्कनी. आता माझं घर तो चारचा फोन आहे, वीस मिनिटांचा. त्यांचं घर माझा तो 'हो' आहे, आणि तो खोटा आहे. दोन राज्यांत आमच्या गावावरून एवढं भांडण चाललंय, पण त्या भांडणानं आम्हाला वेगळं केलं नाही. ते मी केलं, एक बटण न दाबून.

फोनवर माझ्याच्यानं सांगवत नाही. म्हणून लिहितेय. बसाप्पा मराठी वाचतो, तो हे त्यांना वाचून दाखवेल, कारण ह्यांच्या चष्म्याची काच दगडफेकीत गेली ती अजून बदललेली नाही. बसाप्पा, सावकाश वाच. वाचून झालं की त्यांच्याजवळ थोडा वेळ बस.

आज फोन ठेवताना ते म्हणाले, "एवढी तारीख झाली की आलोच."

मी म्हटलं, "या."