स्टार्टर मॅडमचा चहा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या स्टार्टर मॅडमच्या चहात मी त्यांच्या नकळत गुळवेलीचा काढा मिसळत होतो.

मॅडम रनाळ्याच्या. नंदुरबारला आमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. मी त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस. 'स्टार्टर' हे नाव मुलांनी ठेवलेलं. टी पेशींचा धडा आला की त्या हमखास विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरवर घसरत आणि अहिराणीत शिरत. "मोटार कोन्ही बी चालू करस. बंद करानी याद कोनले ऱ्हास?" जंतू आला की टी पेशी लढायला उठतात, लढाई संपली की त्यांना आवरणाऱ्याही पेशी असतात. कुठल्या पेशीत कुठलं जनुक चालू, कुठलं बंद, यावर सगळा तोल. आवरणारं जनुकच गप्प बसलं, तर पाणी बांध फोडून आपलंच पीक बुडवतं. मी मागे उभा राहून ऐकायचो. माझ्या लक्षात लढाईच तेवढी राहिली.

मॅडमचा स्वतःचा तोल ढळलेला होता. त्यांच्याच टी पेशी त्यांच्या यकृतावर उठायच्या, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू. त्यात साथ आली. घरोघर काढे उकळू लागले आणि या बाई उलट्याच गोळ्या घेतायत म्हणून माझा जीव वरखाली. खांडबाऱ्याच्या बाजारातून गुळवेल आणली. "भाऊ, माले प्रतिकारशक्ती वाढावनी नही, आवरनी शे," म्हणत त्यांनी परत केली. मग मी विचारणंच सोडलं.

"चहामा काय टाकी ऱ्हायना? कडू लागस."

"आलं जून असेल, मॅडम."

"तुन्हं आलं नि तू, दोन्ही जून." आणि कप रिकामा केला.

काही आठवड्यांत डोळे पिवळे झाले. सुरतेला नेलं, मीही सोबत गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "काही झाडपाला, काढा वगैरे?"

"मी जीवशास्त्र शिकवते, डॉक्टर. विचारा यांना, माझा चहासुद्धा हेच करतात."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

गोळ्यांचा डोस वाढला. गुळवेल मी त्याच दिवशी फेकली. मॅडम सावरल्या, श्रेय डोसला गेलं. पण त्या डोसनं चेहरा सुजला, हाडं ठिसूळ झाली, नोकरी सुटली. निरोपाच्या दिवशी म्हणाल्या, "मन्हं आंगच मन्हावर उलटनं, भाऊ. कारण काही सापडनं नही."

त्या आता रनाळ्यात असतात. आजार पुन्हा उसळेल या भीतीनं डॉक्टर डोस कमी करायला अजून धजत नाहीत.

चहात मी काय घालत होतो, हे मी त्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.