सज्जातून आलेली चिठ्ठी

४ मे १७६१ रोजी इंग्रजांच्या वसाहतीतल्या, बोस्टनजवळच्या हॅरोफील्ड गावच्या ख्रिस्ती मंडळीने आपल्या नव्या पाळकाला त्रेचाळीस पौंड, सहा शिलिंग, आठ पेन्स किमतीचा एक माणूस भेट दिला. वर्गणी सगळ्या गावाने काढली होती. पाळक रेव्हरंड नेहेमाया पेल्टन तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. तो माणूसही साधारण त्याच वयाचा, नाव क्वाको. पेल्टनसाहेबांना ही भेट रुचली नव्हती. पण आल्या आल्या मंडळीचं मन कसं मोडायचं, म्हणून त्यांनी आभार मानले. पुढे तेरा वर्षं, क्वाकोने सुटकेचा विषय काढला की ‘यंदा नको, पुढच्या साली पाहू’ असं चाललं.

त्यांनी क्वाकोला छळलं असं कुणी म्हटलं नसतं. बायबल पुढ्यात घेऊन वाचायला शिकवलं, बाप्तिस्मा दिला, मंडळीचा सभासद करून घेतलं. प्रभुभोजनाचा प्याला मात्र त्याच्याकडे सर्वांत शेवटी पोचे. क्वाको नांगर धरी, लाकडं फोडी, गुरं पाही. त्यामुळे पाळकांना लिहायला सवड मिळे, आणि ते लिहीत इंग्लंडच्या राजाविरुद्ध. राजाने कागदपत्रांवर स्टॅम्पकर बसवला त्या साली गावसभेचा ठराव त्यांचाच होता. चहावर बहिष्कार पडला तेव्हा बायकोची, थँकफुलची, किटली त्यांनी स्वतःच्या हाताने माळ्यावर टाकली.

१७७४ च्या उन्हाळ्यात राजाने बोस्टनचं बंदर बंद केलं. गावाने एका गुरुवारी उपास धरला आणि पाळकांनी आयुष्यातला सर्वांत मोठा उपदेश केला. “ज्याच्या कष्टाचं फळ त्याला न विचारता दुसरा घेतो, तो गुलाम! मग धनी त्याला कितीही मायेनं वागवो!” डीकन ओबेद वॉरिनर, मंडळीतले सर्वांत वजनदार गृहस्थ, रुमालाने डोळे पुसत होते. उपदेश छापायचा, असं तिथेच ठरलं.

शब्बाथाच्या दिवशी, म्हणजे रविवारी, मोठ्या प्रार्थनेआधी चिठ्ठ्या यायच्या. कुणी आजारी, कुणी बाळंतीण, कुणाचा मुलगा समुद्रावर. पाळकांनी चिठ्ठी वाचायची आणि मंडळीने त्या माणसासाठी प्रार्थना करायची, ही रीत. त्या शब्बाथाला तीन चिठ्ठ्या होत्या. तिसरीतलं अक्षर सुटं सुटं, बायबलच्या छापासारखं होतं.

‘क्वाको, या मंडळीतला भाऊ, पाळकांनी गुरुवारी सांगितलेल्या गुलामगिरीतून सुटका व्हावी म्हणून मंडळीची प्रार्थना मागतो.’

क्वाको वर सज्जात, गुलामांच्या बाकावर बसे. पेल्टनसाहेबांनी तिकडे पाहिलं नाही. चिठ्ठी घडी करून स्तोत्रांच्या पुस्तकात ठेवली आणि एका विधवेच्या गुडघ्यासाठी प्रार्थना सुरू केली. आपण खोटं बोललो नाही, फक्त वाचलं नाही, असं त्यांनी मनाला समजावलं. मन काही समजलं नाही.

सोमवारी ते गोठ्याशी गेले.

“अरे क्वाको, ती चिठ्ठी…”

“अक्षर लागलं नाही का, धनी?”

“लागलं.”

“मग बरं. मला वाटलं, माझंच अक्षर वाईट.”

“आधी माझ्याशी बोलायचंस.”

“तेरा वर्षं तुमच्याशीच बोलतोय. म्हटलं, आता देवाशी बोलून बघावं. तर तिकडची वाटही तुमच्याच हातातून जाते.” क्वाकोने गवताचा भारा खाली टाकला. “गुलाम कसा ओळखायचा ते तुम्ही फार छान सांगितलंत. मी वर बसून बोटांवर मोजत होतो. एकेक खूण जुळत गेली.”

पुढच्या शब्बाथाला तीच चिठ्ठी आली. तीही पुस्तकात गेली. दुपारी पाळक ताटावर बसले, पण जेवले नाहीत.

“अहो, जेवत का नाही?” थँकफुलने विचारलं. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या तिच्यापुढे ठेवल्या. तिने वाचल्या आणि ताट उचललं. “वाचून तरी दाखवा. नाहीतर तो उपदेश छापायला देऊ नका. दोन्ही कसं जमेल?”

पाळकांनी चिठ्ठ्या दाखवल्या तेव्हा डीकन वॉरिनर मात्र हसले. “त्याला सोडायचं, तर कायद्यानं पन्नास पौंडांचा जामीन भरावा लागतो, पाळकसाहेब. उद्या तो लंगडा झाला तर गावानं का पोसायचा? तुमचा पगार सालाचा सत्तर, तोही सरपण धरून! आणि एक सांगू? तो उपदेश राजासाठी होता. तुम्ही स्वतःच कशाला ऐकून घेताय?”

तिसऱ्या शब्बाथाला चिठ्ठी पुन्हा आली. पेल्टनसाहेबांनी ती मोठ्याने वाचली. मागच्या बाकांनाही ऐकू जावी म्हणून पुन्हा वाचली. मग व्यासपीठावरून खाली उतरले आणि बाकांमधल्या वाटेत उभे राहिले. लग्नाआधी पोटुशी राहिलेल्या पोरींना त्यांनी याच जागी कबुलीसाठी उभं केलं होतं.

“ही चिठ्ठी आज तिसऱ्यांदा आली आहे,” ते म्हणाले. “आधीच्या दोन मी लपवल्या. आणि तेरा वर्षं हा माणूस ठेवला.”

कुणी आमेन म्हटलं नाही. डीकन खोकले.

ओढ्याकाठचं कुरण गहाण टाकून त्यांनी जामीन भरला. उपदेश छापू दिला नाही. त्यावरून राजाविरुद्ध नेमलेल्या गावसमितीतले लोक त्यांच्याशी महिनाभर बोलत नव्हते. सप्टेंबरात मुक्तीचा कागद झाला. क्वाकोने तो दोनदा वाचला आणि खिशात घातला.

“मला क्षमा कर,” पेल्टनसाहेब म्हणाले.

“चिठ्ठी पाठवा, पाळकसाहेब,” क्वाको म्हणाला. ‘धनी’ हा शब्द त्याने गाळला होता. “बघू, वाचायला जमतंय का.”

बर्फ पडेपर्यंत तो गावातच राहिला. पाळकांच्या घरासाठी त्याने मजुरीवर लाकडाच्या आठ थप्प्या फोडल्या, थप्पीला दोन शिलिंग या दराने. मग प्रॉव्हिडन्स शहरी निघून गेला. निघाला त्या सकाळी पाळकांच्या घरात बारा शिलिंग होते, ते त्यांनी दिले. उरलेले चार पाठवायला त्यांना त्याचा पत्ता कधी मिळाला नाही. चार शिलिंग बाकी आहेत.