बावणेच्या बुटांचे तळ

मे १९७३, सोमवार. वॉर्डातल्या गाद्या गच्चीवर उन्हात टाकायच्या होत्या. नागपूरजवळच्या एका लष्करी रुग्णालयात मी नर्सिंग सेवेत कॅप्टन होते. मेडिकल वॉर्ड माझ्याकडे होता.

नाईक शंकर बावणे माझा नर्सिंग असिस्टंट. उमरेडच्या विणकर घरातला, कामात चोख. पण वर्षभर त्याचा दम कमी होत चालला होता. त्या दिवशी एक गादी नेली आणि तो जिन्यातच बसला.

वॉर्डाचा हवालदार काळे खालून ओरडला, "काय गा बावणे, नवी नवरी हायेस का? बसून राहिला!"

"ऊन लागून राहिलं, हवालदारसाब."

हिवाळ्यातही तो असाच बसायचा. मी त्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हती. पांढरी होती.

"रक्त तपासायचं."

"मॅडम, उद्या हवालदारकीच्या परीक्षेची धाव हाय. धाव झाली का देतो. मेडिकल कॅटेगरी गेली तर मले तिसरी फीत नाही भेटणार."

"आत्ता. ऑर्डर आहे."

संध्याकाळी मेजरसाहेबांचा फोन आला. ते आमचे डॉक्टर.

"कॅप्टन, निरोगी माणसाच्या पाव हिश्श्याइतकंही रक्त नाही याच्यात. उभा कसा आहे तो?"

"उभा नाही, सर. गाद्या उचलतोय."

त्याची धाव रद्द झाली. बावणेला माझ्याच वॉर्डात दाखल केलं. शौचाच्या तपासणीत अंकुशकृमी निघाले. हा किडा घाणीच्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रक्त पीत राहतो. माणूस झिजतो, लोक त्याला आळशी म्हणतात. पण फौजेतला माणूस अनवाणी कसा? मी त्याच्या खाटेखालचे बूट उलटे केले. वरून आरसा. तळ कोरे.

"हे कधी घालतोस?"

"परेडले. बाकी टाइम घातले तर चमक जाते ना, मॅडम."

वॉर्डाबाहेरचा बाकी टाइम तो रुग्णालयाच्या भाजीच्या बागेत अनवाणी राबायचा. बाग संडासाच्या सांडपाण्यावर होती.

मंगळवारी सकाळी त्याला थेंबथेंब रक्त चालू केलं. मैदानावर धावेची शिट्टी झाली.

"सुटले का?"

"सुटले."

"काळेसाब म्हणतीन, बावणे भेला."

"नाही म्हणणार."

त्याने भिंतीकडे तोंड केलं.

दुपारी त्याला श्वास चढला. मेजरसाहेबांनी आणि मी करायचं ते सगळं केलं. हृदय आधीच थकलेलं होतं, ते थांबलं. मी चादर वर ओढली, चार्ट पूर्ण केला आणि मेसमध्ये गेले. जेवले. काय होतं ते आठवत नाही.

लढाईत गेलेल्यांची नावं दगडावर कोरतात. बावणेचं कुठे नाही, म्हणून इथे लिहिते. नाईक शंकर बावणे. त्याने आजारी म्हणून एकदाही सिक रिपोर्ट केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डाच्या सगळ्या स्टाफला रांगेत फॉल-इन केलं.

"बूट काढा. उलटे धरा."

कोणी हललं नाही. मग हवालदार काळे वाकला. नाड्या सोडायला त्याला वेळ लागला. त्याने बूट उलटे धरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आमी सगळेच तसे, मॅडम. बागेत कोण बूट खराब करन?"

त्याचेही तळ कोरे होते.

मी त्याची पापणी ओढून पाहिली, त्याला रांगेत सगळ्यांच्या पुढे उभं केलं आणि रांग लॅबकडे चालवत नेली. बूट घालून.