टॅमसिनसाठी काडतूस

डोर्ला हस्कीला राग आला की ती आवाज चढवत नाही, उलट खाली आणते. शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्या हाताखाली राबलेल्या बायकांना हे पक्कं ठाऊक आहे. अर्कान्सासच्या डोंगरातल्या त्या गावात तिने उभं आयुष्य दुसऱ्यांच्या पोरांना बीन्स आणि मक्याचा पाव वाढण्यात घालवलं. एक नवरा पुरला, एक हाकलला. स्वतःचं मूल झालं नाही, पण धाकटी बहीण गेली तेव्हा तिची मुलगी टॅमसिन डोर्लाने घरी आणली आणि पोटच्या पोरीसारखी वाढवली. ती पोर मोठी होऊन ट्रॉयशी लग्न करून बसली, हे डोर्लाच्या कधीच पचनी पडलं नाही.

ट्रॉय मारायचा. दोनदा टॅमसिन परत गेली, तिसऱ्यांदा नाही गेली. कोर्टाने त्याला तिच्या आसपास फिरकायला मनाई केली, जवळ कुठलंही हत्यार ठेवायला मनाई केली. हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात तो रोज संध्याकाळी तिच्या पत्र्याच्या घरावरून गाडी अगदी हळू नेत असे, आणि खिडकीतून हात हलवत असे. शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, कचेरीत तक्रार केली तर त्यांनी सांगितलं, रस्ता सरकारी आहे आणि घरोघर हत्यारं शोधत फिरायला आमच्याकडे माणसं नाहीत. अशा वेळी त्या गावातली बाई जाते तिथेच टॅमसिन गेली, म्हणजे बंदुकीच्या दुकानात. दुकान तिच्या सख्ख्या मामाचं, डोर्लाच्या भावाचंच होतं.

वेल्डनमामाच्या काउंटरपुढे चार स्टुलं आहेत आणि त्यांवर कायम तीच चार म्हातारी मंडळी कॉफी पीत बसलेली असतात. या मंडळींनी जन्मात कधी माणसावर गोळी झाडलेली नाही. पण माणूस कोणत्या काडतुसाने पडतो, यावर त्यांना तोंड उघडायला लावलं की दुपारची संध्याकाळ होते. एकजण नाइन एमएमचा, एकजण फॉर्टी-फाइव्हचा, आणि दोघं एकमेकांना पोरकट समजतात. शनिवारी हे सगळे खडीच्या खाणीत जातात, दुधाचे रिकामे कॅन पाण्याने भरून एकामागे एक मांडतात, पहिल्या कॅनवर माणसाच्या कपड्यांऐवजी जुनी जीन्स गुंडाळतात आणि कुणाची गोळी कितव्या कॅनपर्यंत जाते, फुलासारखी उमलते की नाही, यावर भांडतात. कॅन मात्र कधी उलटून गोळी झाडत नाही, घाबरत नाही, रडतही नाही. हे त्यांच्यातल्या कुणाला सुचलेलं नाही.

तर या विद्वानांनी टॅमसिनसाठी एकमताने निवडलं ते एक इवलंसं रिव्हॉल्वर, पिसासारखं हलकं, आणि त्यात सगळ्यात जहाल मॅग्नम काडतुसं. बाईमाणसाला छोटं बरं, पर्समध्ये मावतं, आणि काडतूस दांडगं असलं की काम एका गोळीत होतं. त्या काउंटरवर बाई आली की तिला हेच मिळतं, तिची आई आली असती तर तिलाही हेच मिळालं असतं.

टॅमसिन कोंबड्यांच्या कारखान्यात काम करते. दिवसभर पट्ट्यावरून येणाऱ्या कोंबड्यांची हाडं काढायची. मनगटं इतकी कामातून गेलेली की सकाळी बरणीचं झाकण उघडत नाही. डोर्ला तिला घेऊन खाणीत गेली. पहिल्याच गोळीला रिव्हॉल्वर तिच्या हातात असं उसळलं की ती मटकन खाली बसली.

"मावशी, मला नाही जमणार हे."

"उठ. अजून एक."

दुसरी झाडताना तिने डोळेच मिटले. तिसऱ्या गोळीनंतर तिने चाप ओढला तर तो हललाच नाही. डोर्लाने रिव्हॉल्वर हातात घेऊन पाहिलं. त्या झटक्यांनी उरलेल्या एका काडतुसातली गोळी आपल्या पितळी नळकांड्यातून पुढे सरकली होती. तिचं टोक काडतुसांच्या फिरत्या चक्रीच्या बाहेर आलं होतं आणि चक्री अडकून बसली होती. म्हणजे ट्रॉय दारात उभा असता, तर टॅमसिनच्या हातात एक लोखंडाचा तुकडा उरला असता. डोर्लाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने टॅमसिनला गाडीत बसवलं आणि गाडी थेट दुकानावर आणली.

तिने रिव्हॉल्वर काउंटरवर ठेवलं.

"चक्री फिरवून दाखव, वेल्डन."

वेल्डनने एकदा प्रयत्न केला, मग चष्मा लावून पाहिलं. "गोळी सरकलीये. हलक्या रिव्हॉल्वरमध्ये जड काडतूस घातलं की होतं असं कधीकधी."

"तुला माहीत होतं?"

"आता, माहीत म्हणजे... धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं."

"मग माझ्या पोरीला कशाला दिलंस?"

"अगं, पाच-पाच गोळ्या कोण झाडतंय त्याच्यातून? हात दुखतो."

स्टुलावरचा ऑर्विल, वयाने सगळ्यांत मोठा, मध्ये पडला. "पोरी, मॅग्नम चौथा कॅन फोडते. साधी थर्टी-एट दुसऱ्यात धापा टाकते."

"ऑर्विलकाका, ट्रॉय दुधाचा कॅन असता तर मी इथे आलेच नसते," डोर्ला म्हणाली.

"माझं ऐक, तिला नाइन दे," दुसरा म्हणाला.

"नाइनचा काय उपयोग? फॉर्टी-फाइव्ह दे."

"तिच्या मनगटांना?"

"मनगटं होतात तयार."

टॅमसिन तिथेच उभी होती, सुजलेला हात काखेत धरून. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. डोर्लाने स्वतः काउंटरच्या आत जाऊन पोलादी, जड, जुन्या धाटणीचं रिव्हॉल्वर काढलं, आणि साध्या थर्टी-एटची पोकळ टोकाची काडतुसं. जड रिव्हॉल्वर कमी उसळतं. पोकळ टोकाची गोळी अंगात रुतते, भिंती फोडत शेजारणीच्या पोरांच्या पलंगापर्यंत सहसा जात नाही. एवढं साधं गणित होतं.

"जी तिला पाचही वेळा नेमकी मारता येते, ती चांगली गोळी," डोर्ला म्हणाली. "आता दुसरं सांग. ट्रॉयकडे काय आहे?"

वेल्डनचा चेहरा खुलला. प्रश्न त्याच्या आवडीचा होता. "फॉर्टी-फाइव्ह. आणि जड, पोकळ टोकाची गोळी. तो दुसरंच घेत होता, मी म्हटलं, बाबा रे, हीच घे, हिच्यासारखी उमलणारी..."

तो मध्येच थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या कानावर आत्ता पडलं असावं. ऑर्विल मात्र अजून आपल्याच तंद्रीत होता. "निवड चांगली आहे," तो म्हणाला.

डोर्लाचा आवाज इतका खाली आला की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

"नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला जाता. कॅम्पचा मुख्य कोण?"

"मी," वेल्डन म्हणाला.

"एखादा दारू प्यायला तर त्याची बंदूक?"

"माझ्याकडे येते. नियमच आहे तो. कुणी हुज्जत घालत नाही."

"ट्रॉयची घेतलीस कधी?"

"दरवर्षीच घ्यावी लागते. मुकाट देतो बिचारा."

"कशासाठी घेतोस?"

"आता हे काय विचारणं झालं? आमच्यातला कुणी मरायला नको म्हणून."

"तुमच्यातला."

वेल्डनने काउंटर पुसायला घेतलं. "डोर्ला, ते वेगळं. तो कॅम्प असतो. एखाद्याच्या दारात जाऊन त्याचं हत्यार मागायचं म्हणजे... आणि हे नवराबायकोचं आहे."

"तुमचा जीव वाचवायला तुला कुणाचा कागद लागत नाही. तिच्यासाठी न्यायाधीशाने कागद दिलाय, तरी तुला लाज वाटते. बहिणीच्या मुलीला अडकणारं रिव्हॉल्वर विकायला नाही वाटली?"

वेल्डनने फडकं टाकलं, खुंटीवरची टोपी घेतली आणि बाहेर पडला. तो परत येईपर्यंत त्या दुकानात कुणीही काडतुसांबद्दल अवाक्षर काढलं नाही. असं याआधी घडल्याचं कुणाला आठवत नाही.

परत आला तेव्हा त्याच्या हातात फॉर्टी-फाइव्ह होतं, रिकामं केलेलं. त्याने ते काउंटरवर ठेवलं. काम फत्ते केल्यासारखा तो थोडा ताठही झाला होता.

"दिलं त्याने. काही तक्रार केली नाही. हसला, म्हणाला, मामा, कॅम्पला अजून वेळ आहे की. आणि आणून दिलं."

"हसून दिलं?" टॅमसिनने विचारलं. दुकानात आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

"हो."

"मामा, त्याच्याकडे अजून काय आहे?"

वेल्डनला ते पाठ होतं, गिऱ्हाइकांचं सगळंच त्याला पाठ असतं. पण आता जीभ जड झाली. "एक नाइन आहे. आणि ते छोटं, बुटात राहणारं."

"तूच विकलेली."

त्याने मान डोलावली.

"तरी तू हे एवढंच घेऊन आलास," टॅमसिन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच डोर्लाला सहन झालं नाही.

"परत जा, वेल्डन," डोर्ला म्हणाली. "आणि या वेळी एकटा जाऊ नकोस. कॅम्पातले सगळे इथेच बसलेत, सगळ्यांना घेऊन जा."

कुणी हललं नाही. मग ऑर्विल उठला, कप खाली ठेवला, कोट घातला. टॅमसिनला वाटलं, निदान हा म्हातारा तरी निघाला. पण तो म्हणाला, घरी जेवायला वाट बघत असतील, आणि कुणाच्या नजरेला नजर न देता दाराकडे निघाला.

डोर्ला त्याच्याआधी दारात जाऊन वाट अडवून उभी राहिली.