उपाशी रांग आणि एक चमचा माती

संशोधन केंद्राच्या काचघरात सत्तावीस वर्षं कुंड्यांना पाणी घालणाऱ्या माणसाला सगळे झारीमामा म्हणत. मामांना स्वतःच्या शहाणपणाबद्दल काडीचाही गैरसमज नव्हता. "देव अक्कल वाटत होता तेव्हा मी झारी भरायला गेलो होतो," असं ते आपणहून सांगत, आणि समोरचा हसला की त्यांनाही बरं वाटे.

एका बाबतीत मात्र त्यांना छुपा अभिमान होता. आपल्याला कुणाची भूक बघवत नाही, असं ते म्हणत. ही खोड आहे हे घरच्यांना केव्हाच कळलं होतं. जावई लग्नानंतर वर्षभरात दोन मापांनी वाढला. कुंपणावर बसणारं मांजर कुंपणावर चढेनासं झालं. नातीनं हौसेनं आणलेला सोनेरी मासा तर मामांनी तीन दिवसांत खाऊ घालून मारला. "तो सारखं तोंड उघडत होता गं," एवढंच ते बायकोला म्हणाले.

"मासे तोंड उघडतातच," मामी म्हणाल्या. "श्वास घेतात ते."

घरात परत मासा आला नाही. मामांचं पोट मात्र वाढतच राहिलं, कारण दुसऱ्याच्या ताटात आग्रहानं वाढलेलं शेवटी त्यांनाच संपवावं लागे.

अशा माणसाच्या हाती उपाशी ठेवायच्या कुंड्या देणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. पण काचघरात दुसरं कुणी नव्हतं, आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलीचा मामांवर पूर्ण विश्वास होता. ती मामांच्या मुलीपेक्षाही लहान, तरी ते तिला ताई म्हणत. तिनं त्यांना प्रयोग अगदी उलगडून सांगितला होता.

"मामा, खत घातलं म्हणजे झाड जेवलं असं नसतं. पालापाचोळ्याचं खत म्हणजे न दळलेलं धान्य. मातीतले जंतू आणि बुरशी ते फोडून बारीक करतात, तेव्हा कुठे मुळांना घेता येतं. त्या बदल्यात झाड त्यांना मुळांतून साखर पाजतं. दोघांचा संसार एकमेकांवर चालतो."

"म्हणजे आमच्यासारखा. मामी दळतात, मी खातो."

"आणि साखर?"

"ती द्यायची राहून गेलीय," मामा प्रामाणिकपणे म्हणाले.

डाव्या बाकावर चाळीस कुंड्या, साधी माती आणि खत भरलेल्या. उजव्या बाकावर चाळीस, पण त्यांची माती खतासकट एका भल्या मोठ्या कुकरमध्ये वाफेवर उकडून जंतू मारलेली. मका दोन्हीकडे एकाच पिशवीतला. उकडायचं काम मामांचं. उजव्या रांगेला पाणीसुद्धा उकळून गार केलेलं, आणि झारी वेगळी. मामा हे सगळं इतक्या सोवळ्यानं करत की ताईला कौतुक वाटे.

पहिले पंधरा दिवस उजवी रांग चांगली तरारली. "उकडलेलं पचायला हलकं," असा निष्कर्ष मामांनी काढला. मग मात्र ती जागच्या जागी थांबली. डावा मका कमरेला आला, उजवा वितीवर अडला. पानांच्या कडा जांभळ्या पडल्या, खालची पानं पिवळी झाली. मामांचा जीव तीळतीळ तुटायला लागला. पोरकी पोरं पंगतीकडे बघत उभी असावीत तशी ती रोपं डाव्या बाकाकडे बघताहेत, असं त्यांना वाटे. खत तर कुंडीत आहे, मग जेवत का नाहीत? ताईनं कारण सांगितलं होतं, पण कारण कळलं म्हणून भूक थोडीच बघवते!

एके दुपारी ताई जेवायला गेली असताना मामांनी आपल्या डब्यातला चमचा काढला, स्वच्छ धुतला, कारण स्वच्छतेत ते फार काटेकोर, आणि डाव्या रांगेतली चमचाभर माती उजव्या रांगेतल्या एकेका रोपाच्या बुडाशी घातली. चमचाभर मातीनं काय होतंय, असं ते स्वतःशीच म्हणाले. महिन्याभरात उजवी रांग हिरवीगार झाली. मामांना मनातून उकळ्या फुटल्या. पुढच्या हंगामातही त्यांनी तेच केलं.

मग एका बुधवारी ताई काचघरात उपड्या बादलीवर बसून रडत होती. हातमोज्यानं डोळे पुसल्यामुळे तोंडभर चिखल झाला होता.

"माझे गाईड सर म्हणतात, जंतूंवाचून झाडांचं काही अडत नाही, असं तुमचीच झाडं सांगताहेत. परवाच्या बैठकीत विषय बंद करणार आहेत. चार वर्षं गेली, मामा." तिनं नाक ओढलं. "माती नीट उकडली जात नसेल का हो?"

मामांनी झारी खाली ठेवली. "उकडण्यात चूक नाही," ते म्हणाले. ते खरंच होतं. पुढचं खरं मात्र त्यांनी सांगितलं नाही. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. सत्तावीस वर्षांत एक कुंडी फुटली नव्हती हाताखाली, आणि आता एका चमच्यानं सगळ्या नोकरीवर पाणी पडणार होतं.

संध्याकाळी त्यांनी ताट बाजूला सरकवलं. अशी घटना त्या घरात घडत नसे. मामींनी गॅस बंद केला आणि समोर येऊन बसल्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे त्या पोरीचा मासा केलात."

मामांना रडू आलं. ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ताई यायच्या आधी ते काचघराच्या दारात उभे होते.

"ताई, तुमच्या झारीत शुक्राचार्य बसलाय. हा बघा, पोटासकट." आणि त्यांनी चमचा पुढे धरून सगळं सांगितलं.

ताईनं चमचा हातात घेऊन उलटसुलट बघितला. ती ओरडली असती तर मामांना सोपं गेलं असतं.

"दोन्ही हंगाम?"

"दोन्ही."

"सगळ्या कुंड्यांना?"

"हो. म्हणजे… नाही. तिकडच्या तिघींना नाही घालता आली."

"का?"

मामांनी मान खाली घातली. उजव्या बाकाच्या टोकाला, पाण्याच्या पंपामागे तीन कुंड्या होत्या. झारीची नळी लांब, तिथवर पोचायची. चमच्याची दांडी आखूड. आणि पंप आणि बाक यांच्या मधून मामांचं पोट जात नव्हतं. "आडवा होऊन बघितलं," ते म्हणाले. "शर्टाचं बटण तुटलं, पण मी काही गेलो नाही."

ताई धावत टोकाला गेली. खराब बी म्हणून तिनं दोन्ही हंगामांत त्या जागेवरच्या कुंड्यांवर वहीत काट मारली होती. तीन रोपं वीतभर, जांभळी, जशीच्या तशी उभी होती. शेजारी चमचा मिळालेली सदतीस, हिरवी. ती त्या तिघींसमोर उकिडवी बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता पुन्हा रडली.

"मामा, मला तुमचा आत्ता भयंकर राग आलाय."

"येऊ द्या," मामा म्हणाले. "तो बरोबर आलाय."

शुक्रवारी सर स्वतः काचघरात आले. मामांनी सगळं पुन्हा सांगितलं, या खेपेला बटणाचा भाग गाळून. सरांनी विचारलं, "मग या तीनच कशा सुटल्या?"

"जागेची अडचण होती," ताई पटकन म्हणाली.

सरांनी पंपामागची फट बघितली, मग मामांकडे बघितलं, आणि गंभीर चेहऱ्यानं टिपून घेतलं: जागेची अडचण. मग म्हणाले, "तीन कुंड्यांवर मी सही करणार नाही. पण आणखी एक हंगाम घ्या."

या हंगामात उकडलेल्या चाळीस कुंड्यांपैकी वीस चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि त्यांना चमचा द्यायचा, असं ताईनं ठरवलं. चमचा मामांच्याच हातून.

"आणि उरलेल्या वीस?"

"पाणी."

"फक्त?"

"फक्त पाणी, मामा. जमेल?"

मामांना स्वतःबद्दल खात्री नव्हती, तरी ते हो म्हणाले. एका सोमवारी ते निवृत्त झाले आणि मंगळवारी नेहमीच्या वेळेला फाटकाशी हजर. पहारेकऱ्यानं विचारलं, "काय मामा, करमेना?" मामा म्हणाले, "शिक्षा भोगायला आलोय."

चमचे टाकून झाले त्या दिवसापासून ते चमचा घरी ठेवून येत आणि भात हातानं कालवून खात. वीस रोपं डोळ्यांदेखत जांभळी पडली. मामा मोजून पाणी घालत आणि प्रत्येक कुंडीपाशी पुटपुटत, "माफ कर बाई, ताईचं काम आहे." सत्तावीस वर्षांत त्यांनी इतकं कष्टाचं काम केलं नव्हतं.

हंगाम संपला तेव्हा रोपं कापायची कात्री ताईनं त्यांच्याच हातात दिली. वाळवून वजन केलं. उपाशी वीस रोपं मिळून चमचा मिळालेल्या दोघांइतकीही भरली नाहीत. ताईनं आकडा लिहिला. सरांनी दोनदा वाचलं आणि सही केली. मामांना इतका आनंद झाला की त्यांनी पंपाला टाळी दिली, आणि त्या वीस जणींसाठी वाईटही तितकंच वाटलं.

जाताना त्यांनी उपाशी रांगेतली, रोप कापून झालेली एक कुंडी मातीसकट मागून घेतली. घरी गॅलरीत ठेवून त्यात जिवंत मातीचा एक चमचा घातला आणि झारी घेऊन आले.

"कुंडीत तर काहीच नाही," मामी म्हणाल्या. "पाणी कुणाला घालताय?"

"आहेत. दिसत नाहीत. फार दिवसांनी जेवायला बसलेत."

मामींनी वाकून कुंडीत बघितलं. माती ओली झाली होती, आणि मामा अजून ओततच होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "मासा."

मामांनी झारी सरळ केली. आत अजून अर्धं पाणी होतं, आणि त्या दिवशी ते तसंच राहिलं.