हे कोपर कुणाचं?

"काकू, हे कोपर कुणाचं?"

आमच्या घरात पाऊल टाकल्यावर शेजारच्या पोरीनं विचारलेला हा पहिला प्रश्न. चप्पल काढली आणि सरळ भिंतीवरच्या माझ्या लग्नाच्या फोटोला नाक लावून उभी राहिली. एरवी लोक तो फोटो बघतात, मग आताच्या मला बघतात, आणि सभ्य असले तर गप्प बसतात. हिनं मला बघितलंच नाही. फोटोच्या उजव्या कडेला एक कोपर आहे. हिरव्या बांगड्या मागे सरकलेलं. इतकी वर्षं ते तिथं होतं आणि कुणी त्याची चौकशी केली नव्हती.

"आईचं," मी म्हटलं. "कुणाला तरी सरबत द्यायला वळली असेल."

"म्हंजी तुमच्या लग्नाच्या फोटोत तुमचा चुलतभाऊ हाय, त्याचा मित्र हाय, मागं बँडवाला पण हाय. आन् आईचं नुसतं कोपर?"

ती इतकी तापली की मला वाटलं, आता फोटोग्राफरचा पत्ता मागते.

आम्ही दौंडला राहतो. तिचे वडील रेल्वेत, त्यांचं बिऱ्हाड आमच्या शेजारी. ती पुण्याला फोटोग्राफी शिकायला जायची. फोटोग्राफी शिकायला कॉलेज लागतं हेच आमच्या गल्लीला आधी पटत नव्हतं. "लग्नाच्या ऑर्डरी घेती का?" असं प्रत्येकानं एकेकदा विचारून झालं. ती म्हणायची, "मी गोष्ट शिकते. फोटोतनं गोष्ट सांगायला." मग लोक मान हलवायचे आणि तिच्या आईला विचारायचे, "खरंच काय शिकती?"

मला मात्र ते ऐकून गंमत वाटली, कारण आमच्या खानदानात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे. कोणाचं लग्न कसं मोडलं, कोणाची म्हैस कुठं सापडली, सगळं माझ्याकडे. मी एकच गोष्ट दरवेळी वेगळी सांगते आणि दरवेळी शपथ घेते. तिचं उलटं. ती बोलायची कमी आणि विचारायची फार. कुठल्याही गोष्टीवर तिचे दोनच प्रश्न: "ह्याच्या आधी काय झालं? आन् नंतर?" माझ्या रंगलेल्या गोष्टीत ती हे असं मध्येच विचारायची, की मला खरं सांगावं लागायचं. अशी माणसं शेजारी असली की काय होतं, ते तुम्हालाही माहीत असेल.

शेवटच्या वर्षाला तिला एक काम मिळालं. एक प्रसंग, बारा फोटो, खाली एक अक्षर लिहायचं नाही आणि गोष्ट समजली पाहिजे. तिनं आधी आपल्या आईचे फोटो काढले, वडिलांच्या ड्युटीच्या वेळेप्रमाणं घरातली झोप कशी हलते त्याचे. मला फार आवडले. सरांना नाही आवडले. सर म्हणाले, तू गावाकडची ना, मग गावाकडचं काहीतरी आण. भेगाळलेली जमीन आण. म्हातारीचे सुरकुतलेले हात आण.

ती संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसली. डोळ्यांत पाणी नव्हतं, जाळ होता.

"काकू, नदीकाठाला सगळा ऊस हाय. पाणी देऊन देऊन जमीन खारवली लोकांनी. भेगा कुठनं आणू? भाड्यानं मिळतात का?"

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा भाऊ, वडगाव रासाईला असतो. आई आधीच गेली होती, वडील गेले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. "दोघी बहिणी या सह्यांना," तो म्हणाला. "साड्या घेऊन ठेवल्यात. पुरणाचा बेत हाय."

मी तिला म्हटलं, "चल माझ्या माहेरी. साडीचा कार्यक्रम आहे."

"कशाची साडी?"

"हक्कसोडाची." आमच्याकडे वडील गेले की बहिणी जमिनीतला आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून देतात, कचेरीत जाऊन रीतसर. भाऊ त्यांना जेवण घालतो, साडी देतो.

"म्हंजी जमीन द्यायची आन् साडी घ्यायची?"

"तसं नसतं गं ते." आणि कसं नसतं, ते मी तिला बराच वेळ समजावलं. माहेरचा उंबरा, भावाची माया, दिवाळीचं बोलावणं. मी इतकं छान समजावलं की माझं मलाच पटलं. ती म्हणाली, "बरं. येते."

वडगावात कॅमेरा बघून दादा खूश. "फेटा बांधू का?" म्हणाला. अंगणात खुर्ची टाकून बसला, आम्हा दोघींच्या हातात साड्या दिल्या, आणि तिला म्हणाला, "असा काढ, की घर पण आलं पायजे." मग पंगत झाली. माझी थोरली बहीण अक्का केंदूरहून आली होती. जेवण झाल्यावर ती रानाकडं निघाली तर ही मागोमाग.

"मावशी, ह्या रानात ह्याच्या आधी काय होतं?"

"दगडं," अक्का म्हणाली. "बा आन् मी येचली. सातवीतनं काढलं मला त्यासाठी. ह्यो दादा तवा पाळण्यात."

"आन् नंतर?"

"नंतर काय? लगीन."

अक्का हसली. मीही हसले. ती हसली नाही. तिनं फोटोही काढला नाही तेव्हा.

दुपारी जीपमधून कचेरीत गेलो. तिथं आता सहीबरोबर अंगठा लागतो, काचेच्या यंत्रावर. आणि अक्काचा अंगठा यंत्र घेईना. एकदा ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, लाल दिवा. दुसऱ्या हाताचा ठेवला, तरी लाल.

"अगं नीट दाब की, अक्का!" दादा म्हणाला. मग त्यानं तिचा अंगठा आपल्या शर्टाला पुसला, आपल्या मुठीत धरला आणि काचेवर दाबला. इतका दाबला की अक्काचं नख पांढरं पडलं. अक्का दुसरीकडं बघत होती, डॉक्टरकडं सुई घेताना बघतात तशी.

कारकून म्हणाला, "जोर लावू नका मामा. रेषाच ऱ्हायल्या न्हाईत मावशीच्या. आठ दिवस तेल लावा, भांडी घासायची बंद करा, मग आणा."

बाहेर आल्यावर दादानं बजावलं, "अक्का, आठ दिवस भांड्याला हात लावायचा न्हाई. मी दाजींना फोन करतो." साठीला आलेल्या आमच्या अक्काला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी भांडी घासू नकोस म्हणालं होतं, आणि ते कशासाठी, तर जमीन नीट सोडता यावी म्हणून. जीपमध्ये ह्यावरही हसणं झालं. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. मला कुठंही हसायला येतं, त्यात माझा काही इलाज नाही.

थोड्या वेळानं दादा मागं वळून तिला म्हणाला, "पोरी, त्यो अंगठ्याचा फोटू काढून टाक."

"का मामा?"

"बरा दिसत न्हाई."

"तुम्ही लई चांगले आलाय त्यात."

दादानं हात पुढं केला, आण बघू म्हणाला. तिनं कॅमेरा ओढणीखाली घेतला आणि वडगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. वहिनी मला कुजबुजली, "कुणाची गं ही? वळण न्हाई."

चार दिवसांनी तिनं माझ्या गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर फोटो लावले, चिमटे लावून, ओळीनं. त्यांच्या घरात एवढी लांब दोरी नव्हती. मला म्हणाली, "एका टोकाकडनं बघत या. बोलायचं नाही." माझ्यासाठी ही मोठीच शिक्षा.

पहिल्या फोटोत खुर्चीतला दादा. मग साड्या. मग पंगत. मग जीप. यंत्राच्या फोटोशी मी थांबले. सरांना हवा होता तो म्हातारीचा हात आयता समोर आला होता, आणि ह्या पोरीनं हात अर्धवट ठेवून सगळा उजेड दादाच्या तोंडावर घेतला होता. दात दाबलेले, कपाळावर घाम.

"हात का नाही घेतलास नीट?"

"हाताला काय झालंय ते सगळ्यांना माहीत हाय, काकू. दाबतंय कोण, ते बघायचं."

पुढं गेले. शेवटच्या चिमट्याला काही नव्हतं. "बारावा?"

"तो व्हायचाय. आधी सांगा, ह्यात तुम्ही कुठं आहात?"

मी परत मागं गेले. पंगतीत माझा पदर होता आणि ताट सरकवणारी बोटं. जीपजवळ पाठ. कचेरीत दादा मध्यभागी, अक्का शेजारी, आणि उजव्या कडेला अक्काची पिशवी धरलेलं एक कोपर.

माझं.

"मी तीनदा कॅमेरा वळवला तुमच्याकडं," ती म्हणाली. आवाज चिरकला होता. "तीनदा तुम्ही बाहेर गेलात. कुणाला पाणी द्यायला, कुणाची पिशवी धरायला. तुमची जमीन जातीय, आन् तुम्ही फोटोत पण ऱ्हात न्हाई!"

मला राग आला. तिचाच आला. मी म्हटलं, "तुला काय कळतंय? माहेर तुटतं अशानं."

"साडीवर टिकून हाय का ते?" असं म्हणून ती गेली. फोटो तसेच ठेवून.

दोन दिवस मी त्याच गॅलरीत कपडे वाळत घालू शकले नाही. घरातल्यांनी ओले टॉवेल वापरले. आणि तो राग, जो मी तिच्यावर काढला होता, तो हळूहळू आपला खरा पत्ता शोधत गेला. आईच्या कोपरापाशी गेला. दगड वेचणाऱ्या सातवीतल्या अक्कापाशी गेला. आठ दिवस भांडी घासू नको म्हणणाऱ्या त्या मायेपाशी गेला, आणि तिथून हलेचना.

दुसऱ्यांदा कचेरीत गेलो त्या दिवशी अक्काचा अंगठा मऊ झाला होता. हिरवा दिवा लागला. दादा म्हणाला, "जमलं बघ!" जसं काही तिनं परीक्षा पास केली. मग माझी पाळी आली. मी पिशवीतून साडीचं पाकीट काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"हे काय?"

"साडी. घडी मोडलेली नाही. पुरणपोळ्या परत करता येत नाहीत, तेवढ्या राहू दे."

त्यानं पाकीट उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाला, "त्या पोरीनं भरवलं तुला."

ह्याचा मला सगळ्यात जास्त संताप आला, आणि आजही येतो. माझे केस पांढरे झाले, मुलांची लग्नं झाली, आणि माझा राग माझा असू शकतो हे कुणाला पटेना. तो कुणातरी शेजाऱ्याचा असणार, उसना आणलेला.

त्या वर्षी भाऊबीजेला मी दौंडलाच होते. अक्काचा फोन आला, दोघीही इकडचंतिकडचं बोललो.

तिच्या बारा फोटोंचंही सांगते. तिनं अकराच दिले. सर म्हणाले, गोष्टीला शेवट नाही, तो बहिणींच्या हातातल्या साड्यांचा फोटो शेवटी लाव, छान वाटेल. ती म्हणाली, "तो पहिल्यांदा झालाय, सर. शेवटी कसा लावू?" सरांनी गुण कापले. मी पुण्याला जाऊन त्या सरांना चार शब्द ऐकवायला निघाले होते, पदर खोचून. तिनं दारात अडवलं. "ऱ्हाऊ द्या, काकू. तुम्ही बोलायला लागलात की दुसरीच गोष्ट सांगाल."

पुढं तिला लांब, दुसऱ्या राज्यात काम मिळालं. वडिलांची बदली झाली, घर रिकामं झालं. जाताना फोटो मला देऊन गेली आणि चिमटे पण. आता शेजारी एक शांत कुटुंब आलंय. माझ्या घरात येतात, चहा घेतात, भिंतीकडं कुणी बघत नाही. मला चुकल्यासारखं होतं.

मागच्या महिन्यात वडगावला जमिनीची मोजणी झाली. माझा हिस्सा म्हणजे बांधाकडेची एक पट्टी, फार नाही. केंदूरहून अक्का आली होती, नुसती बघायला. दादा माझ्याशी बोलत नव्हता, मोजणीवाल्यांशी माझ्याबद्दल बोलत होता. खुणा रोवून झाल्या तेव्हा मी मोबाईल काढला आणि त्याच्यासमोर धरला.

"काढ."

"काय?"

"फोटो. माझा आणि अक्काचा."

चार माणसांत त्याला नाही म्हणता येईना. अक्का म्हणाली, "मला कशाला गं, माझं काय हाय हितं," आणि बाजूला सरायला लागली. मी तिचं मनगट घट्ट धरलं. दगड कुणी वेचले, म्हटलं. ती थांबली. दादानं मोबाईल दोन्ही हातांनी धरला, एक डोळा मिटला, आणि दाबलं. यंत्रावर अंगठा दाबला होता तसंच.

घरी येऊन मी तो फोटो बघितला. मध्यभागी आम्ही दोघी, पायापासून डोक्यापर्यंत, मागं रान. मी जरा जाडच दिसते. अक्काचं तोंड रडल्यासारखं की हसल्यासारखं, सांगता येत नाही. आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात, निम्मं आभाळ खाऊन, भिंगावर आलेलं दादाचं बोट.

मी तिला पाठवून दिला. खाली काही लिहिलं नाही, तिच्या नियमाप्रमाणं. मला ते किती जड गेलं असेल, तुम्हीच समजा.

बऱ्याच वेळानं तिचं उत्तर आलं.

"काकू, हे बोट कुणाचं?"