काकांच्या चिमटीचा दोष

त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. डॉक्टर तो माशांचा. दवाखाने, कचेऱ्या, हौशी लोकांची घरं, अशा पंचवीस ठिकाणच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या तो सांभाळायचा. ‘शेवाळ मी दारातूनच ओळखतो,’ असं तो सांगायचा, आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

काका-काकूंच्या घरची टाकी मात्र त्याची लाडकी होती. काका घड्याळं दुरुस्त करणारे. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, तेव्हा काकूंनी त्यांचा पलंग हॉलमध्ये टाकीसमोर हलवला. माशांना खाणं घालायचं काम काकांनी मागून घेतलं. सकाळी दहाला डाव्या हाताची चिमूट थरथरत पाण्यावर जायची. दिवसभरात स्वतः करायचं असं त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं.

एका सोमवारी डॉक्टरला वाळूवर तपकिरी, बुळबुळीत थर दिसला. प्रवाळांवरून शेंबडासारखे धागे लोंबत होते आणि त्यांच्या टोकांना हवेचे बुडबुडे.

“खाणं जास्त पडतंय,” त्यानं उभ्याउभ्याच निदान केलं. “उरलेलं कुजतं, त्यावर शेवाळ पोसतं. काकू, खाणं निम्म्यावर आणा. आणि आता तुम्हीच घाला. काकांच्या हाताला अंदाज नाही.”

काका तिथंच होते. त्यांनी हात पांघरुणात घेतला.

डॉक्टरनं नळीनं थर ओढून काढला, निम्मं पाणी बदललं. पुढच्या सोमवारी थर दुप्पट! पुन्हा पाणी बदललं, खाणं आणखी कमी केलं. तिसऱ्या सोमवारी टाकीतल्या गोगलगाई उताण्या पडल्या होत्या आणि काकांचं आवडतं हिरवं प्रवाळ कडेनं पांढरं पडत होतं.

“काका चोरून तर घालत नाहीत ना?” त्यानं काकूंना हळूच विचारलं. हळूच म्हणजे काकांना ऐकू जाईल इतपत.

त्या दिवशी मात्र त्याला चैन पडेना. थोडा थर त्यानं बाटलीत भरून घेतला. तिथून पुढं त्याला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये जायचं होतं. तिथंही एक टाकी होती. बाटली खळाखळा हलवून त्यानं पाणी फिल्टरच्या कागदातून गाळलं आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवून दिलं. तासाभरात त्या स्वच्छ पाण्यात पुन्हा धागे जमले. साधं शेवाळ असं करत नाही. लॅबवाल्या बाईंनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

“अहो डॉक्टर, हे तर पळतंय! गरागरा फिरतंय.”

डॉक्टरनं डोळा लावला. डायनो! शेवाळासारखे दिसणारे, पण पोहणारे सूक्ष्म जीव. पाण्यातलं पोषण संपलं की बाकीचं शेवाळ उपाशी मरतं आणि यांना रान मोकळं मिळतं. वर ताजं पाणी घालावं तसे हे आणखी माजतात. गोगलगाईही यांच्याच विषानं गेल्या होत्या. म्हणजे काकांची चिमूट टाकीला तारत होती आणि ती यानंच बंद केली होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तेही दोन आठवडे. ही बाटलीची तपासणी त्याला वीस वर्षांपासून ठाऊक होती. पण दारातून ओळखणाऱ्याला बाटली कशाला लागते?

पुढच्या सोमवारी त्यानं पाणी बदललं नाही. जंतू मारणारा निळा दिवा पंपाला जोडला, पाण्यात पोषणासाठी नायट्रेटचे थेंब सोडले आणि स्वतःच्या हातानं भरपूर खाणं घातलं.

“आता जास्त घालायचं?” काकूंनी विचारलं.

“नवीन औषध आहे. त्याच्याबरोबर चालतं,” तो टाकीत डोकं घालून म्हणाला.

आणखी एक आठवडा असाच गेला. थर विरळ होऊ लागला. काकू आत गेल्या होत्या, तेव्हा काकांनी त्याला जवळ बोलावलं. त्यांचं बोलणं जड यायचं.

“डॉक्टर, माफ करा. माझ्यामुळं... गोगलगाई गेल्या. तुमचं काम वाढलं.”

त्याला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. ‘असू द्या काका’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. इतकं सोपं होतं ते! पण काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि हा पलंगाच्या कडेशी खाली बसला.

“तुमची चूक नव्हती, काका. खाणं कधीच जास्त नव्हतं. मी न तपासता बोललो. आणि कळल्यावरही दोन आठवडे गप्प बसलो.”

काकांना हसू आलं, तोंडाच्या एकाच बाजूनं. काकू हसल्या नाहीत.

“महिना झाला, हे भिंतीकडे तोंड करून झोपतात,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं, टाकी बघायचा कंटाळा आला असेल.”



दोन महिन्यांत वाळू पांढरी झाली. हिरवं प्रवाळ वाचलं नाही. काका पुन्हा खाणं घालायला लागले आणि डॉक्टरला टाकीबद्दल काहीबाही विचारायलाही लागले. काकू दर सोमवारी दार उघडतात, चहा देतात. पूर्वी त्या त्याच्यापाशी टाकीजवळ येऊन उभ्या राहायच्या. आता कप स्टुलावर ठेवून आत जातात, आणि चहा गार होईपर्यंत याचा हात कपाकडे जात नाही.